अण्णांची लंडनची माणसं

आमच्या घरातला एक माणूस विलायतेला जाऊन आला होता आणि त्याचा कुणालाही अभिमान नव्हता, हे मला लहानपणी फार चमत्कारिक वाटायचं. हैदराबादला आमच्या सुलतान बाजारात ज्याचा मेव्हणा नुसता मुंबई पाहून आला तोदेखील पुढे वर्षभर त्या जोरावर लोकांकडून चहा उकळायचा. आमचे अण्णा खुद्द लंडनमध्ये काही वर्षं राहून आलेले, आणि घरात त्यांचा विषय निघाला की आई भाकरी थापता थापता जरा जास्तच जोरात थापायची. अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. निजामाच्या राजवटीत सरकारी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवून अण्णा वकिली शिकायला निघाले तेव्हा नांदेडकडच्या आमच्या गावातला अर्धा गाव त्यांना पोचवायला स्टेशनावर गेला होता म्हणे. परत आले ते एकटे, आणि डिग्री न घेता. ‘नापास होऊन आला’ हे वाक्य त्यांना आडनावासारखं चिकटलं. आमचे आजोबा, आबा, गावचे पाटील. ते मरेपर्यंत या मुलाशी कामापुरतंच बोलले.

मला समजू लागलं तोवर आबा गेले होते, निजामाचं राज्य गेलं होतं आणि आमचं गावही सुटलं होतं. सुलतान बाजारात दादांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर आमचं घर. त्या घरात शांतता अशी कधी नसायचीच. खाली दोन शिलाई मशिनी सकाळपासून धडधडत, कापडाचे तागे फळीवर धप्पकन पडत, समोरच्या इराणी हॉटेलात कपबशा आपटत, आणि या सगळ्यावर दादांचा आवाज. दादा गिऱ्हाइकाला बोलायची सवडच देत नसत. ‘देखने कू पैसे नई लगते आपा’ म्हणत ते एकामागून एक तागा उलगडत जात आणि बाई नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत चौथा तागा तिच्या मांडीवर आलेला असे. आता त्या चौकाच्या डोक्यावरून मेट्रो जाते. मागच्या वर्षी दिलसुखनगरहून नातीबरोबर मी मुद्दाम त्या गाडीत बसले आणि खिडकीतून आमची गॅलरी दिसते का ते पाहिलं. गॅलरी नाही, एक भलामोठा मोबाइलचा फलक दिसला. नात म्हणाली, आज्जी, इतकं काय बघतेस, ट्रॅफिकच तर आहे. ती मराठी अडखळत वाचते, तेव्हा हे प्रकरण तिला मीच वाचून दाखवणार आहे आणि ट्रॅफिकचा बदला घेणार आहे.

त्या गॅलरीत अण्णांची खाट असे. दुकानाचा इंग्रजी पत्रव्यवहार ते करत, दुपारी इराण्याकडे बसून उर्दू पेपर वाचत आणि संध्याकाळी खाटेवर. पाणी हवं असलं तरी तिथूनच हाक मारत. स्वयंपाकघराचा उंबरठा त्यांनी ओलांडलेला मी कधी पाहिला नव्हता. आई पाण्याचा तांब्या खाली ठेवायची तो आवाज करूनच ठेवायची.

त्या खाटेच्या पायथ्याशी बसून मी अण्णांचं लंडन ऐकलं. त्यांच्या लंडनमध्ये राणी नव्हती, राजवाडा नव्हता. तिथे होती ती घरभाड्याच्या पाटीखाली लिहिलेली अट, की काळ्या माणसांनी दार वाजवू नये. एक तळघरातली खोली होती, कारण तेवढीच मिळाली. आणि त्या खोलीत जमणारी ‘आपली माणसं’. आपली माणसं म्हटल्यावर आपण मराठी, फार तर हिंदुस्थानी समजू. अण्णांच्या आपल्या माणसांत जमैकाचा एक सुतार होता, पश्चिम आफ्रिकेतला एक विद्यार्थी, सिलोनचा एक छापखानेवाला, न्यूयॉर्कचा एक खलाशी आणि एक आयरिश गोरा, कारण त्याच्याही देशाला इंग्रजांनी पिळलं होतं. अमेरिकेत कुठे निरपराध काळ्या पोरांना फाशी सुनावली की हे लोक लंडनमध्ये सभा घेत. इटलीनं हबशांच्या मुलखावर चढाई केली तेव्हा तर अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे ते आठ-आठ दिवस झोपले नव्हते. बागेत खोक्यावर उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्यांना ओरडून विचारायचं, की बाबांनो, तुमचं राज्य कुणाच्या पाठीवर उभं आहे. एक पेपरही निघे. वसाहतींमध्ये त्याच्यावर बंदी होती, टपालात तो पकडला जाई, म्हणून खलाशी तो वळकटीत गुंडाळून समुद्रापार नेत, न्यूयॉर्कला, किंग्स्टनला. हा पेपर टाइप करणारी एक ग्लॅडिस होती. ‘ग्लॅडिसची बोटं आणि माझी जीभ,’ अण्णा म्हणायचे, ‘यांच्यावर आमचा सगळा कारभार चालला.’ मग ते खाटेवर उभे राहत आणि खोक्यावरचं भाषण इंग्रजीतून करून दाखवत. खाली मशिनी थांबत. ‘चालू झाला लंडनचा रेडिओ,’ असं दादा गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाईक हसे.

यातलं कुणालाही काहीही खरं वाटत नव्हतं. नापास झालेला माणूस आपली लाज झाकतो, त्यात वाईट काय, असं दादांचं मत. मला मात्र खरं वाटायचं, आणि पुढे तर ते खरं असणं ही माझीच गरज होऊन बसली. कोठी भागातल्या मुलींच्या कॉलेजातून मी बी. ए. झाले आणि इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मला शिष्यवृत्तीसह जागा मिळाली. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता. दादांनी ऐकलं आणि हातातल्या गजानं कापड मोजता मोजता म्हणाले, की या घरातून एकाला पाठवून पाहिलंय. तोही वजिफ्यावरच गेला होता. काय घेऊन आला? गोष्टी. मी रडले, आईनं माझी बाजू घेतली, आईवरही आवाज चढला. अण्णा खाटेवर बसून हे सगळं ऐकत होते. माझं जाणं अडलं होतं ते त्यांच्यामुळे, आणि त्यांना ते माझ्याइतकंच कळत होतं.

आणि त्याच आठवड्यात ते इराण्याकडून अर्धा चहा टाकून पळत आले. अण्णा पळतात हे दृश्यच आम्हाला नवीन. हातात उर्दू पेपर. विद्यापीठात परदेशी शिक्षकांचं शिष्टमंडळ आलं होतं आणि त्या नावांमध्ये न्यूयॉर्कच्या एक ग्लॅडिसबाई होत्या. अण्णांनी तिथल्या तिथे पोस्टकार्ड लिहून पाहुण्यांच्या बंगल्यावर पाठवलं आणि उलट टपाली उत्तर आलं, की रविवारी दुपारी जेवायला येते.

सुलतान बाजाराला दुसरा काही उद्योग उरला नाही. लंडनची मॅडम येणार. न्यूयॉर्कहून येत असली तरी आमच्या गल्लीच्या लेखी ती लंडनचीच. आमच्या मराठी वाचनालयाचे चिटणीस देशपांडे मास्तर यांनी स्वागताचं इंग्रजी भाषण लिहून मला ऐकवलं. त्यात ‘नोबल लेडी’ इतक्या वेळा होतं की मला मोजवेना. आईनं इराण्याकडून काटे-चमचे आणि पाव उसने... पाव विकत, काटे-चमचे उसने आणले. मॅडम म्हणजे तिला तिखट चालणार नाही, म्हणून उकडलेले बटाटे, बिनमिरचीचे कटलेट आणि कस्टर्ड ठरलं. दर रविवारी आमच्याकडे सकाळी खिचडी-खट्टा होई. खट्टा म्हणजे चिंचेच्या कोळात भाजलेले तीळ-शेंगदाणे, कांदा आणि हिरवी मिरची घातलेलं आमचं हैदराबादी आंबट सार. त्या रविवारीही तो झाला, पण जेवणाआधी आईनं दोन्ही पातेली ओट्याखाली ढकलली आणि वर परात पालथी घातली. मॅडमला वास यायला नको.

दादा वरवर काही बोलत नव्हते. फक्त रविवारी एरवी बंद असणारं दुकान त्यांनी उघडं ठेवलं आणि स्वच्छ धोतर नेसले. आदल्या दिवशी मला एकटीला गाठून म्हणाले, तुला इंग्रजी येतं ना. मी सांगीन तेव्हा त्या बाईला एकच गोष्ट विचारायची, की अण्णा तिथे खरंच भाषणं करत होते का. आणि ती सांगेल ते जसंच्या तसं मला सांगायचं. त्याच्यानंतर ते काय ठरवणार होते हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची जरूर वाटली नाही. मला आतून उकळ्या फुटत होत्या. आता यांना कळेल, सगळ्यांना कळेल, असंच मी घोकत होते.

अण्णा तिला आणायला रिक्षा घेऊन बंगल्यावर गेले. मास्तर हार घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, त्यांच्यामागे निम्मी गल्ली. मी टेहळणीला गॅलरीत. ऊन रणरणत होतं. बायका डोक्यावर पदर घेऊन चालल्या होत्या, हातगाडीवाला मोसंबी ओरडत होता, आणि कुठली मोटार हळू झाली की मास्तर हार सरसावत. तेवढ्यात डोक्यावरून पदर घेतलेली, सुती साडीतली एक उंच, काळी, वयस्कर बाई गर्दीतून वाट काढत आली. मास्तरांसमोर ती थांबली, काहीतरी म्हणाली. मास्तरांनी हार चुरगळू नये म्हणून तो उंच धरला आणि बाजूला सरून तिला वाट दिली. ती सरळ आमच्या दुकानात शिरली.

हैदराबादबाहेरच्या माणसाला हे पटायचं नाही. आमच्या शहरात निजामाच्या हबशी घोडदळातल्या शिपायांची घरं आहेत. त्यांच्या बायका आमच्या दुकानात यायच्या, दादांशी दखनीत भांडून भाव पाडायच्या. तसा चेहरा पाहून सुलतान बाजारात कुणी मान वळवत नसे.

आईनं मला खाली पिटाळलं, मोटार आली का विचारायला. खाली दादा रंगात आले होते. ‘आओ आपा, बैठो. शादी का है क्या?’ बाई काही बोलणार तोच तिच्या हातात पाण्याचा पेला आला. ती पुन्हा काही बोलणार तोच चिटाचा तागा उलगडला. तिनं हात हलवला, दादांनी त्याचा अर्थ रंग पसंत नाही असा घेतला आणि दुसरा काढला. बाईचे खांदे हलत होते. मला वाटलं उन्हानं घेरी येतेय, म्हणून मी पंखा तिच्याकडे वळवला.

तेव्हा अण्णांची रिक्षा आली. रिकामी. अण्णा पायरीवर उभे राहिले, घामानं सदरा अंगाला चिकटलेला. ती बंगल्यावर नाही, केव्हाच निघून गेली म्हणतात, असं ते कसंबसं म्हणाले. बाहेरची माणसं आत डोकावू लागली. कुणीतरी हसलं. दादांनी गिऱ्हाइकापुढून नजरसुद्धा उचलली नाही. ‘नाही आली ना,’ एवढंच म्हणाले. अण्णांचा तो चेहरा मी आजही विसरलेले नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला काळजी वाटली ती त्यांची नाही, माझ्या इंग्लंडची.

मांडीवर चार तागे घेऊन बसलेली ती बाई वळली. पदर मागे पडला, आखूड पांढरे केस दिसले. ‘रॅगू,’ ती म्हणाली.

अण्णांचं नाव रघुनाथ. त्यांना रॅगू म्हणणारं माणूस आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. अण्णा पायरीवर बसले. उभे राहिले. पुन्हा बसले. मग दोघं एकमेकांचे हात धरून असे हसू लागले की त्यांना बोलताच येईना, आणि मधे दादा, हातात गज तसाच. बाईंनी मला जवळ घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांना वाट पाहण्याचा कंटाळा, म्हणून त्या पत्ता विचारत निघाल्या होत्या. साडी शिष्टमंडळाला भेट मिळालेली. दादांना अण्णांचं नाव सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण एकदा पाणी आलं आणि एकदा नवा तागा. हिंदुस्थानात आल्यापासून लोक वळून वळून बघतात, पोरं केसांना हात लावून पळतात, आणि आज पहिल्यांदा एक माणूस त्यांना कापड विकायला बसला. ‘आयुष्यात इतका मान मला क्वचित मिळालाय, म्हणून मी गप्प बसले,’ असं त्या म्हणाल्या. मी हे दादांना सांगितलं तेव्हा ते लाजले. दादा लाजतात हे त्या दिवसांतलं दुसरं नवल.

एवढ्यात मास्तर आत आले, हार तसाच उंच. मॅडम अजून आल्या नाहीत, भाषण पुढे ढकलायचं का, असं विचारू लागले. ग्लॅडिसबाईंनी त्या हाराकडे पाहिलं आणि मला विचारलं, की हे गृहस्थ कुणाची वाट पाहताहेत. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनीच उत्तर दिलं, ‘तुझी.’

‘पण मी तर त्यांच्या समोरून आले,’ त्या म्हणाल्या. ‘पत्तासुद्धा त्यांनाच विचारला.’

 मास्तरांना इंग्रजी कळत होतं. त्यांचा हात हळूहळू खाली आला. ग्लॅडिस हे नाव ऐकून आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, मनात एक गोरी बाई उभी केली होती आणि हार तिच्यासाठी ओवला होता. अण्णांनी कधी तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी आपलं माणूस म्हटलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी पंख्याकडे बघत राहिले. शेवटी बाईच पुढे झाल्या आणि त्यांनी मान वाकवली, मास्तरांची उंची बेताची म्हणून जरा जास्तच वाकवली. मास्तरांनी हार घातला. भाषण त्यांनी खिशातून काढलंच नाही. नुसतं ‘या’ म्हणाले, मराठीत.

वर ताटं मांडली. आईच्या कटलेटचा बाईंनी एक घास घेतला, छान म्हणाल्या, आणि काटा खाली ठेवून हवेत वास घेऊ लागल्या. मग काही न विचारता उठल्या, सरळ स्वयंपाकघरात गेल्या, वाकल्या आणि ओट्याखालची परात उचलली. आई माझ्याकडे, मी आईकडे. बाई खट्ट्याच्या पातेल्यावर वाकून डोळे मिटून उभ्या होत्या. ‘रॅगू,’ तिथूनच ओरडल्या, ‘हे तू आज केलंस?’

मी भाषांतर केलं आणि आईला हसू आवरेना. यांनी? यांना पाण्याचा माठ कुठल्या कोपऱ्यात आहे ते ठाऊक नाही. अण्णा ताटाकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. आणि दादांनी, जणू ही खूणच होती, मला सांगितलं, ‘विचार.’

मी विचारलं. अण्णा तिथे भाषणं करत होते का.  बाईंनी हातात खिचडीचं ताट घेतलं होतं, बोटांनी खायला सुरुवातही केली होती. भाषणं? त्या मनापासून हसल्या. रॅगूसारखा वाईट वक्ता त्यांनी अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर पाहिला नव्हता. खोकं तो उचलून न्यायचा, हे खरं. त्यावर एकदाच चढला, सगळं विसरला, गर्दीला हात जोडले आणि उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं ही पूर्वेकडची काही पद्धत असेल.

आता हे दादांना सांगायचं.  दादांचे डोळे माझ्यावर, आणि माझं इंग्लंड माझ्या जिभेवर. मास्तर अजून खालीच होते. दोन शब्द इकडचे तिकडे केले असते तर खोलीत ते कळणारं एकच माणूस होतं, आणि ते अण्णा. त्यांनीच मान वर केली. ‘शकू,’ म्हणाले, ‘जसंच्या तसं सांग.’

मी सांगितलं. दादांनी लांब श्वास सोडला. त्यात आनंद नव्हता हे मात्र मी बघितलं.

पण बाई थांबल्या नव्हत्या. रॅगू स्वयंपाक करायचा, त्या म्हणाल्या. त्या शहरात काळ्या-गोऱ्यांना एका टेबलावर बसू देणारी खानावळ आम्हाला सापडत नव्हती. सभागृह भाड्यानं द्यायला कुणी तयार नव्हतं. मग बसायचं कुठे? जिथे पातेलं चढलंय तिथे. याच्या तळघरात. चिंच बंदरावरचे हिंदी खलाशी आणून द्यायचे, आणि त्याच वळकटीतून आमचा पेपर घेऊन जायचे. पुढे मी न्यूयॉर्कला गेले, गठ्ठे तिकडे माझ्याकडे यायचे. गठ्ठा सोडला की पहिल्यांदा चिंचेचा वास यायचा, मग बातम्या. आमच्या वस्तीत तो पेपर लोक नाकाला लावून ओळखायचे. पाच जण येणार म्हणून हा पाच जणांचं करायचा आणि वीस यायचे, आणि वीसही जेवून जायचे. आणि भांडी हाच घासायचा.

हे सांगताना माझा आवाज चढत गेला असावा, कारण गॅलरीत गल्ली जमली होती. आईनं मात्र एवढंच ऐकलं होतं की भांडी घासायचे. ‘इतकी वर्षं,’ ती अण्णांकडे बघून म्हणाली, ‘इतकी वर्षं मी तुम्हाला जागेवर तांब्या आणून देते.’

दादांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी मला दुसरा प्रश्न दिला, जो ठरला नव्हता. मग परीक्षेचं काय झालं?

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी नको अशी मान हलवली. बाईंनी ते जुमानलं नाही. परीक्षेला हा बसलाच नाही, त्या म्हणाल्या. वजिफ्याच्या कचेरीतल्या साहेबानं याला बोलावून सांगितलं, की या काळ्या लोकांची संगत सोड, तुझ्या खोलीत येणाऱ्यांची नावं दे, नाहीतर वजिफा बंद. हा परत आला, आम्हाला काही बोलला नाही, तांदूळ निवडत बसला. वजिफा बंद झालाय हे मला कितीतरी आठवड्यांनी कळलं, तेही चिंच उधार मागताना मी याला पकडलं म्हणून.

हे सगळं मी दादांना मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्य अण्णांच्या तोंडाकडे बघून पुरं केलं.

‘सांगितलं का नाही तुम्ही?’ दादा म्हणाले. मराठीत, थेट भावाला. असं थेट ते त्यांच्याशी किती काळानं बोलत होते कोण जाणे.

‘कुणाला सांगायचं?’ अण्णा म्हणाले. ‘आबांची पाटीलकी होती. दरबारात कळलं असतं की यांचा पोरगा बगावती आहे, तर आबांना, तुला, सगळ्यांना भोगावं लागलं असतं. नापास पोरगा काय, कुणाच्याही घरात असतो.’ पुढे म्हणाले, ‘आणि राज्य गेल्यावर सांगायचं तर काय सांगू, विलायतेला जाऊन आचारी झालो म्हणून? मग भाषणं सांगितली.’

दादा उठले. मला वाटलं चिडले. ते खाली गेले आणि चिटाचा तो तागा, बाईंनी हात हलवला होता तोच, खांद्यावर टाकून वर आले आणि त्यांच्या पायाशी ठेवला. मग ताटावर बसले, कटलेट बाजूला सारले आणि आईला म्हणाले, खिचडी वाढ.  दादा न बोलता जेवले, हे तिसरं नवल.

दुपार सगळी त्या घरात नुसता कल्लोळ होता. मास्तरांनी न वाचलेलं भाषण बाईंनी त्यांच्याकडून मागून वाचलं आणि ‘नोबल लेडी’ला दर वेळी मान लववली. शिंप्यांनी वर येऊन चहा घेतला. अण्णा आणि बाई मेलेल्या आणि हरवलेल्या माणसांची नावं घेत, एकेका नावाला थांबत, रडत आणि पुन्हा हसत. त्या सुताराचा देश स्वतंत्र झाला होता, त्या विद्यार्थ्याचाही. न्यूयॉर्कच्या खलाशाचं काय झालं ते बाईंना ठाऊक नव्हतं. आज मी त्या दोघांच्या वयाच्या पुढे आले आहे, आणि तसं हसायला समोर तसं माणूस लागतं एवढं मला आता कळतं.

दिवेलागणीला रिक्षा त्यांना घेऊन गेली. दादा दुकानाची फळी लावत होते. मी बाजूला उभी, काही विचारायचं धाडस होत नव्हतं.

‘शकू,’ ते फळीकडे बघतच म्हणाले, ‘तुला स्वयंपाक येतो?’

वरून आईनंच उत्तर दिलं, की हिला पाणी तापवायला सांगितलं तर तेही करपेल.

‘मग शिकून घे,’ दादा म्हणाले. ‘जायच्या आधी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. आई पाटावर बसून त्यांचा हात कुठे चुकतो ते बघत होती, आणि तो चुकत नव्हता म्हणून अधिकच वैतागत होती. त्यांनी तीळ भाजले, चिंच कोळली, मिरची हातानंच मोडली. कोळ चांगला दाट होता. मी तांब्या उचलून त्यात पाणी घालायला गेले तशी त्यांनी माझा हात धरला.

‘आत्ता नक्को,’ म्हणाले. ‘किती माणसं येतील ते आधी कधीच कळत नसतं. म्हणून खट्टा पहिल्यांदा घट्टच करायचा. दार वाजलं की पाणी घालता येतं.’